कुणी न जाणारी दारं

वरच्या खोलीत दोन पोरं रोज उठून जुनं काढून टाकायची आणि खाली माझ्याजवळ किस्से साचत जायचे. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं यायचं, घरात घागरभर साचायची मारामार. किस्से मात्र लई साचले! मला अक्षर येत नाही. मी सांगते, इम्रान टाईप करतो. पदरचं काही घातलंस तर तेही काढायला लावीन, असं बजावलंय त्याला.

अश्विनी माझी नात, नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियर झालेली. इम्रान तिच्या वर्गातला, रेणापूरचा. नोकरी एकाच कंपनीत आणि ऑफिस म्हणजे आमची माडी.

एकदा मी विचारलं, "दिवसभर काय करत बसता गं?"

"आजी, कॉम्प्युटरच्या पोटात एक मूळ प्रोग्राम असतोय, कर्नल. त्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात जायला आतल्या आत दारं ठेवलेली असतात. काही दारांतून आता कुणीच जात न्हाई. ती हुडकून बुजवायची."

शेजारच्या सुमनबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे लिहायचा पगार न्हाई, खोडायचा पगार?"

"हाव!"

"आमच्या बंड्यानं अख्खी पाटी खोडली तर मास्तर मारायचे की हो!"

*

या कर्नलमध्ये काहीही बदलायचं तर परदेशातल्या एका माणसाच्या हातून जावं लागतं. त्याला मेंटेनर म्हणतात. कंपनीनं सांगून टाकलं होतं, ही सगळी साफसफाई मेंटेनरनं घेतली तर दोघं लातुरातूनच काम करा. नाही घेतली तर बंगळूरला या.

अश्विनीनं त्याच दिवशी तिची मोठी बॅग माळ्यावर फेकली. तिचा बाप, म्हणजे माझा दत्ता, म्हणाला, "अगं, लागली तर?"

"लागणार न्हाई."

"पण लागलीच तर?"

तिनं शिडीसुद्धा सुमनबाईंकडं नेऊन ठेवली!

*

इम्रानचा हात लई सपासप. त्यानं एक दार बुजवलं, आपल्या मशीनवर सगळं जोडून बघितलं, चाललं. लगेच पाठवून दिलं आणि खाली येऊन पाटावर बसला. "आजी, चहा टाका! काम फत्ते!"

चहा उकळायच्या आत अश्विनी वरून ओरडली, "इम्र्या! रोबोटची मेल आली!"

तिकडं एक रोबोट बसवलेला असतो. तो आलेलं काम तऱ्हेतऱ्हेच्या मशीनसाठी जोडून बघतो. कुठल्याशा जुन्यापुराण्या मशीनचा कोड अजून त्याच दारानं जात होता. तिथं सगळं मोडलं. आणि मेल साऱ्या जगाला गेली.

"माझ्या मशीनवर तर चालतंय," इम्रान म्हणाला.

"मग तुझी मशीन पाठवू का सगळ्यांच्या घरी?"

त्या दिवसापासून घरात नियम झाला. सगळ्या तऱ्हेच्या मशीनसाठी जोडून बघितल्याबिगर इम्रानला चहा नाही. पाण्याची बचत झाली ती वेगळी!

*

ही दारं बुजवायची गोष्ट निघाली की मला आमचे हे आठवतात.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा हे एका सरकारी ऑफिसात होते. जुन्या जिल्ह्याच्या कागदांसाठी एक वेगळी खिडकी ठेवली होती, तिथं यांना बसवलं. पहिल्यांदा गर्दी झाली, मग कमी झाली, मग माणूस दिसेना. हे आपले डबा घेऊन रोज हजर. साहेब म्हणाले, "अहो, खिडकी बंद करू आता."

हे म्हणाले, "आणि कुणी आलं म्हणजे?"

अशानं ती खिडकी कितीतरी वर्षं उघडी राहिली. शेवटी नवे साहेब आले, त्यांनी खिळे ठोकून बंद करवली. आणि दुसऱ्याच दिवशी खरंच एक माणूस आला!

खिडकीला रंग द्यायला. मंजुरी आत्ता आली होती.

*

परदेशातून एकानं मेल केली, "हे दार बुजवू नका, मी वापरतो." पण त्याचा कोड त्याच्या घरी. कर्नलमध्ये त्यानं कधी दिलाच नव्हता. कर्नलवाल्यांच्यात अशा बाहेरच्या कोडसाठी आतलं दार राखत नाहीत.

अश्विनीनं उत्तर धाडलं, "तुमचा कोड आत द्या, दार ठेवतो." कोड काही आला नाही, दार बुजवलं.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत टँकरवर भांडण पेटलं. सुमनबाई घागर रांगेत ठेवून माहेरी अहमदपूरला गेलेल्या! परत येऊन म्हणतात, "माझा नंबर होता."

दत्ता म्हणाला, "घागरीला नंबर नसतोय मावशी, माणसाला असतोय."

इम्रान गच्चीवरून टाळ्या वाजवायला लागला. सुमनबाईंना वाटलं, त्यांच्या बाजूनं वाजवतोय.

*

आता शेवटचं.

अश्विनी कॉलेजात होती तेव्हा तिचा पहिला कोड कर्नलमध्ये गेला होता. छोटंसं एक दारच होतं ते. दत्तानं गल्लीभर पेढे वाटले होते. हाच कर्नल मोबाईलच्या पोटातही असतो म्हणे. तेव्हापासून चौकात कुणी मोबाईल काढला की हा म्हणणार, "त्याच्यात माझी पोरगी हाय!"

साफसफाईचं शेवटचं दार निघालं ते तेच. कुणीच वापरत नव्हतं.

इम्रान म्हणाला, "एवढं एक राहू दे. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

दत्ता टँकरवरून घागर घेऊन आला होता, ती तशीच खांद्यावर. "अगं, मग तू मोबाईलमधून निघणार?"

"निघणार बाबा. कुणी जात न्हाई तिथून."

"आपलं म्हणून एक तर होतं तिथं..." दत्ता म्हणाला आणि घागर ठेवायला आत गेला.

तिनं पाठवलं. खाली सरळ लिहिलं, हे मीच घातलं होतं, कुणी वापरत नाही, मीच काढते.

मग नुसती वाट बघणं. कंपनीचा फोन आला, बंगळूरला खोली बघून ठेवा. दत्ता येता-जाता माळ्याकडं बघायचा. अश्विनी काही शिडी आणायला गेली नाही.

एका दुपारी मेंटेनरची मेल आली. "सगळं घेतलं. आभार." बस्स, एवढंच! इम्रान जिन्यावरून घसरत खाली आला.

दत्तानं चप्पल घातली आणि बाहेर पडला. आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. पहिलं घर सुमनबाईंचं.

"आता काय घातलं पोरीनं?" त्यांनी विचारलं.

"मागं घातलं होतं ना, ते काढलं!"

सुमनबाईंचा पेढा तोंडापाशीच थांबला.

"मग मागचा पेढा परत द्यायचा का?"