बशीमामाची पांढरी बशी

कापड रंगवण्याच्या कारखान्यामागे घाण पाण्याच्या सहा टाक्या, आणि त्यांच्यावर अठरा वर्षं एकच माणूस. त्याला सगळे बशीमामा म्हणत. ओढ्यात सोडायचं पाणी तो आधी पांढऱ्या बशीत ओतायचा. तळाची बारीक चीर दिसली की पाणी पास. पण वास! शी! दोनदा साबण लावून घरात शिरला तरी बायको म्हणायची, "आधी लांब बसा, मग बोला."

गेल्या वर्षी साहेबांनी टाक्यांतले हवेचे पंप बंद करवले. त्या हवेवर जंतू जगायचे आणि दोन दिवसांत घाण खाऊन टाकायचे.

साहेब म्हणाले, "दोन दिवस थांबायला वेळ कोणाला आहे? शेवटी ब्लीच मार, रंग उडाला की झालं!"

जंतू मेले. टाकीवर काळी बुळबुळीत साय धरली. पण ब्लीच पडलं की पाणी नितळ, बशीतली चीर लख्ख. मामानं बशीवर विश्वास ठेवला आणि नाकाला गप्प बसवलं.

मग एके दिवशी ओढ्याकाठी राहणारी धाकटी बहीण लेकीला घेऊन घरी आली. "दादा, कमाल केलीस हं! पूर्वी पाण्याला लाल-निळी झाक असायची, पोरं फिरकायची नाहीत. आता दिवसभर त्यातच डुंबतात. हिला मात्र ऊन बाधलंय बघ."

भाचीच्या गुडघ्यांखालची कातडी सोलवटली होती. मामा वाकला, आणि त्या इवल्याशा पायांना तोच वास आला, जो तो रोज दोनदा घासून काढायचा.

"पाणी प्यायलीस का गं?"

"थोडंसंच. तूच साफ करतोस ना, मामा?"

मामाला स्वतःची किळस आली. पोरांना ओढ्यात सोडू नकोस, असं बहिणीला त्यानं बजावलं, पोरीला दवाखान्यात नेलं. पण काठावरच्या बाकी वस्त्यांचं काय? नितळ पाणी बघून कोण ऐकणार होतं?

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला. "पंप चालू करा."

"पाण्यात रंग दिसतोय का? नाही ना? मग डोकं खाऊ नकोस."

मामा तडक रंगखात्यात गेला. उरलेल्या लाल रंगाच्या चार बादल्या उचलून आणल्या आणि एकेक करून ओढ्याच्या तोंडाशी उपड्या केल्या.

तासाभरात बहिणीचा फोन आला. "दादा, अरे ओढा लालभडक झालाय! काय केलंस हे?"

"पोरं कुठं आहेत?"

"काठावर. आत पाय घालायला एकही तयार नाही."

"बरं झालं," मामा म्हणाला. समोरून साहेब ओरडत येत होते. उद्याही रंग ओतायचा होता, पण उद्या त्याला आत कोण घेणार?