तिसऱ्या रांगेतली मुलगी

रविवारी दुपारी जेवणं आटोपली आणि मी टीव्हीवर उत्तर कोरियाचा एक सिनेमा लावला. आमच्या ग्वाल्हेरच्या अख्ख्या दौलतगंजात त्या वेळी हे असलं काही बघणारी मी एकटीच असणार...

माझ्या सिनेमाच्या पेजवर तुम्ही वाचताच. तिकडचे चाळीसेक सिनेमे बघून झाले, सगळ्यांची परीक्षणं लिहिली. या विषयात ग्वाल्हेरात माझा हात धरणारं कुणी नाही. दुसरं कुणी बघतच नाही, हा भाग वेगळा.

कथा नेहमीचीच. कापडाची गिरणी, रात्रंदिवस राबणाऱ्या हसऱ्या मुली आणि शेवटी नेत्याची गाडी. नेता दिसत नाही, नुसती गाडी येते आणि सगळ्या रांगा कमरेत वाकून रडायला लागतात.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी मात्र आधी शेजारणीकडे बघते, मग वाकते. मला तर आयतं सापडलं. लगेच टाइप केलं, 'या बाईंना वाकणंसुद्धा कॉपी करावं लागतं'... आणि वाक्य फक्कड जमलं म्हणून अण्णांना वाचून दाखवलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय शहाऐंशी, नजर माझ्याहून तेज. एरवी माझ्या टोमण्यांना मनापासून हसतात, या वेळी हसले नाहीत.

"जरा पीछे घे ते," म्हणाले. तीनदा बघितलं. "ॲक्टिंग नाही करत ती. डर लागतोय तिला."

मग त्यांनी जे सांगितलं, ते या घरात एकवीस वर्षं राहून मी पहिल्यांदा ऐकलं.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं होतं. अण्णा चौथीत, त्यांचे वडील त्याच शाळेत मास्तर. संस्थानच्या नोकरांपैकी कुणाला ठेवायचं याची यादी लागायची होती आणि सगळं घर तिच्याकडे डोळे लावून बसलं होतं.

अशात नवे मंत्री शाळा बघायला येणार असं ठरलं. आठवडाभर तालीम चालली... सरकारांच्या, म्हणजे महाराजांच्या, स्वारीला करायचे तसा मुजरा आता करायचा नाही, फक्त हात जोडायचे. तालीम घेणारे मास्तर म्हणजे अण्णांचे वडीलच.

फाटकातून मोटर आत आली आणि अण्णा आपोआप वाकले. झोकात मुजरा, सगळ्या रांगेत एकट्याचाच. वर बघितलं तर वडिलांचा चेहरा पांढराफटक पडलेला.

मंत्री हसून पुढे गेले. महिन्याभराने यादी लागली, तीत वडिलांचं नाव होतं. नोकरी टिकली.

"पण तो महिना, नीता... माझ्यामुळे बाबांची नोकरी जाणार, हेच डोक्यात. नंतर कित्येक वर्षं, प्रार्थना असो की झंडावंदन, मी आधी बाजूवाल्याकडे बघायचो. मग हात जोडायचो."

मी ते टाइप केलेलं वाक्य खोडलं. लाज वाटली, खरंच सांगते.

आता माझं मत, आणि त्यावर मी ठाम आहे. सिनेमा भिकार आहे. पण जिथे एकेक फ्रेम तपासून पुढे सोडतात, तिथे हा एक सेकंद कुणालाच दिसला नसेल, हे मला पटत नाही. एडिटिंगच्या टेबलावर कुणीतरी तो बघितला असणार, ओळखला असणार... आणि मुद्दाम ठेवला असणार. नवं परीक्षण मी त्या एका सेकंदावरच लिहिलं.

अण्णांना तेही वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं, मग बंद टीव्हीकडे बघत म्हणाले,

"तिच्या घरच्यांना काही झालं नसेल ना गं?"

नाही अण्णा, काही झालं नसणार, मी म्हटलं. सिनेमाबद्दल मी नेहमीच ठासून बोलते... पण काहीएक माहीत नसताना इतकं ठासून याआधी कधी बोलले नव्हते.