क्रेनवरून खुर्चीत

पलूसकडे समुद्र नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णेचं, नाहीतर कालव्याचं, तेही आपली पाळी असेल तेव्हा. तरीही एके काळी आमच्या गावात बंदराबद्दल सगळ्यात जास्त बोलणारा माणूस म्हणजे माझे वडील होते.

आप्पा फौजेत तोफखान्यात होते. पेन्शनीत आल्यापासून ऊस आणि गावातली भांडणं दोन्ही सांभाळतात. मी बंदरात क्रेन ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा त्यांना पारावर बोलायला कायमचा विषय मिळाला. त्या वेळी मी जुन्या धक्क्यावर होते. लिफ्टने वर जायचं, मग शिडी चढायची, मग काचेच्या खोलीत बसायचं. पायाखालीही काचच. दोन गुडघ्यांच्या मधून खाली बघत कंटेनर उचलायचा आणि जहाजावर नेऊन ठेवायचा. शिफ्ट संपली की मान सरळ होत नसे. लघवीला उतरायची पंचाईत म्हणून मी पाणीच पीत नसे. आप्पांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं, फक्त उंची सांगितली होती. तीही पारावर वाढत गेली. गावच्या पाण्याच्या टाकीपासून निघालेली माझी क्रेन वर्षभरात महाबळेश्वरच्या घाटाएवढी झाली होती.

मग बंदर वाढवायचं ठरलं. समुद्रात भराव टाकून नवीन कंटेनर टर्मिनल उभं राहिलं. उद्घाटनाला मांडव पडला, मोठी माणसं आली, देशाच्या प्रगतीवर भाषणं झाली आणि आमची पाळी येईपर्यंत जेवण संपलं. आम्हा काही जणांना तिकडे हलवलं. तिकडच्या क्रेनवर माणूसच बसत नाही. माणूस बसतो लांबच्या एका थंडगार खोलीत, समोर पडदे, दोन्ही हातांखाली जॉयस्टिक. कॅमेऱ्यात बघून इथून दांडी हलवली की तिकडे कंटेनर उचलला जातो. मान सरळ राहते आणि बायकांचं शौचालय शेजारीच आहे. देशाच्या प्रगतीचं मला ठाऊक नाही, माझी प्रगती मात्र मी त्या शौचालयावरून मोजते.

टर्मिनलने एकदा कामगारांच्या घरच्यांना बोलावलं. आप्पा, आई आणि दादा आले. आप्पांनी इस्त्रीचा सफारी घातला होता आणि गळ्यात दुर्बीण होती. लोणंदच्या एका जुन्या फौजी मित्राकडून खास मागून आणलेली. यार्डात पाऊल टाकताच त्यांनी ती डोळ्यांना लावली आणि एकेका क्रेनचं टोक बघत मला विचारू लागले, यातल्या कुठल्या क्रेनवर मी बसते. मी त्यांना आमच्या खोलीत नेलं. फिरत्या खुर्चीत बसून एक कंटेनर उचलून दाखवला. मला वाटलं होतं, चकित होतील.

दादा म्हणाला, "आप्पा, ह्ये तर माझ्या खेळातलं हाय."

इथे दादाबद्दल सांगायला हवं. दादा दिवसभर उसात राबतो, त्याबद्दल त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण संध्याकाळी हातपाय धुतले की टीव्हीला जोडलेलं एक काळं खेळणं हातात घेतो. त्याला दोन छोट्या दांड्या आहेत आणि बटणं आहेत. त्यावर तो क्रिकेटच्या मॅच जिंकत बसतो. लग्न झालेला बाप्या माणूस. त्या खेळण्यावरून आमच्या घरात होत नाही असं भांडण नाही. आप्पांच्या लेखी जगातला सगळा आळस त्या खेळण्यात भरलेला आहे.

त्यामुळे दादाच्या त्या एका वाक्याने माझा निकाल लागला. आप्पांनी माझ्या हाताखालची दांडी बघितली, दादाकडे बघितलं आणि दुर्बीण पिशवीत ठेवून दिली. त्यानंतर पारावर कोणी माझी चौकशी केली की उत्तर ठरलेलं असे, पोरगी बंदरात हापिसात असते. क्रेनचं नाव नाही.

मला राग आला आणि मी फोन लावला. मी हापिसात नाही, क्रेनच चालवते, असं चांगलं ठणकावून सांगितलं. त्यावर ते म्हणाले की खुर्चीत बसून कोणी क्रेन चालवत नसतं, अंगाला झळ लागल्याशिवाय ते काम कसलं. माझा तोल गेला.

"आवं आप्पा, तुमी तोफ डागायचा, तवा गोळ्याच्या मागनं पळत जायचा का?"

पलीकडून मग, "आईला दितो," एवढंच आलं.

तेव्हापासून माझा फोन आला की ते न बोलता तो आईच्या हातात द्यायचे. उसात पाणी किती सोडलं, हेही मला आईकडून कळायचं. मी वरवर हसण्यावारी न्यायची, पण मनातून फार लागलं होतं. त्या काचेच्या खोलीत मी पगारासाठी चढत होते हे खरं, पण निम्मी मी पारावरच्या त्या बढायांसाठी चढत होते. खाली उतरले आणि बापाच्या नजरेतूनही उतरले, असं वाटायचं.

नवरात्रात एके दिवशी आप्पांचा स्वतःहून फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही. जॉयस्टिक कुठल्या हातात असते, हे विचारलं. मी सांगितलं, दोन असतात, एकीने वरखाली होतं, दुसरीने मागेपुढे. मग विचारलं, बटणं असतात का. असतात म्हटलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या भांडणाची तयारी चालली आहे, असं मी धरून चालले.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन देव्हाऱ्यासमोर मांडतात. खुरपी, कोयते, वहिनीचं शिलाई मशीन, आप्पांचा फौजेतला पट्टा. ट्रॅक्टर अंगणात हार घालून उभा असतो. हळदकुंकू वाहिलं की त्या दिवशी हत्याराला कोणी हात लावत नाही. मागे एकदा दादाने गंमत म्हणून आपलं खेळणं त्या रांगेत ठेवलं होतं. ज्याच्यावर घर चालतं तेच हत्यार, असं म्हणून आप्पांनी ते उचलून बाहेर भिरकावलं होतं.

त्या नवमीला मला सुट्टी नव्हती, धक्क्याला जहाज लागलं होतं. आमच्या खोलीत प्रत्येक पडद्यावर झेंडूचं एकेक फूल चिकटवलं होतं. धुराने अलार्म वाजेल म्हणून साहेबांनी न पेटवलेली उदबत्ती ओवाळली. देवानेही चालवून घेतलं असावं. चहाच्या सुट्टीत वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. ती फोन हत्यारांच्या रांगेवरून फिरवत गेली. कोयते, खुरपी, मशीन, पट्टा. पट्ट्याला अगदी लागून दादाचं काळं खेळणं होतं. दोन्ही दांड्यांना हळदकुंकू, वर झेंडू. मागे दादा तोंड पाडून बसला होता. ऐन सुट्टीच्या दिवशी त्याचा खेळ बंद झाला होता.

शेजारचे काका दर्शनाला आले होते. आप्पांनी खेळणी कवापासून पुजायला घेतली, असं ते हसत विचारत होते.

"माझी लेक क्रेन चालवती," आप्पांचा आवाज आला. "लेकीचं हत्यार हाय त्ये. आज त्याला कुणी हात लावायचा न्हाई."

मग त्यांनी फोन हातात घेतला. आज काम का, असं विचारलं. जहाज लागलंय, म्हणाले मी. तोफखान्यातही नवमीला ड्यूटी असायची, ते म्हणाले, इथली पूजा तुझ्या वाट्याची धर. मला रडू फुटलं. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीला वाटलं, घरी कोणी गेलं.

ते खेळणं दादाला परत मिळालं नाही. ते देव्हाऱ्यातच आहे, आई रोज त्याला फूल वाहते. दादाने सांगलीहून नवीन आणलं, अगदी तसंच, त्याच रंगाचं. एकदा मी घरी असताना त्याने ते टीव्हीवर ठेवलं, तर आप्पा त्याच्यावर ओरडले, हे खेळणं आधी घरातून बाहेर काढ म्हणून.