मी त्या घराचं नाव घेतलं

बाईंनी माझा कप चिमट्यात धरून उकिरड्यावर फेकला. आईला म्हणाल्या, "हिला उद्यापासून आणू नकोस. मानेला गाठी बघ कशा आल्यात. वाडीतून रोग आणलाय कार्टीनं, आणि आमच्या घरात लहान मूल आहे."

बाई म्हणजे मास्तरांची बायको. रोह्यातल्या त्यांच्या घरी आई धुणीभांडी करायची. मी शाळेतून तिकडेच जायची. माझा कप आधीपासून वेगळा, मागच्या ओट्यावर पालथा. घरात शिरायची मुभा एकाच कामापुरती. मास्तरांचे म्हातारे वडील, आबा, आतल्या खोलीत खोकत पडलेले असत. त्यांची थुंकायची तस्त मी उचलायची, धुवायची, परत ठेवायची. तेवढ्या वेळापुरता माझा विटाळ होत नसे.

निघताना बाईंनी आईला बजावलं, "आबांच्या खोकल्याचं बाहेर बोलायचं नाही. दमा आहे त्यांना. काम टिकवायचंय ना?"

आईनं मान हलवली. मला तिचा भयंकर राग आला.

गाठींबरोबर आलेला ताप हटेना. रोह्याच्या डॉक्टरनं डबी दिली, खोकून बेडका आण म्हणाला. माझा बेडका निघेचना. "नाटकं करते. खायला घाला जरा," म्हणाला आणि टॉनिक लिहून दिलं. आम्हाला 'खायला घाला' असं सांगणारे फार भेटतात.

शेवटी आईनं मला एसटीनं पेणला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहान मुलांना बेडका काढता येत नाही, ती तो गिळतात." सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून त्यांनी माझ्या पोटातलं पाणी काढलं. मी नर्सच्या हाताला कडकडून चावले. पाण्यात टीबी निघाला.

"मुलांना हा बहुतेक मोठ्या माणसाकडून होतो. घरात कोण खोकतं?"

"कोन नाय," आई म्हणाली. ते खरंच होतं.

"मग ही कुणाजवळ असते?"

आईनं माझा दंड दाबला. तोवर मी धरून चालले होते की रोग माझा, घाण माझी. बाईंनी सांगितलं होतं ना. आता मला ती तस्त आठवली. ज्या घरानं मला हाकललं, त्याच घरातून मी हा रोग घेऊन आले होते.

"मास्तरांचे आबा खोकतात," मी म्हणाले. "तस्तीत रगत असतंय. मी धुतंय ती."

"गप गो."

"नाय गप बसनार."

आरोग्य खात्याचा माणूस मास्तरांच्या दारात गेला. आबांना टीबी निघाला. त्यांच्या कुशीत झोपणाऱ्या नातीलाही लागण झाली होती. तिला वेळेत औषध मिळालं. आईचं काम गेलं.

बाई वाडीत आल्या, अंगणाबाहेरच उभ्या राहिल्या. "आमच्या घराची अब्रू घालवलीत. इतकी वर्षं आमचं अन्न खाल्लंत."

माझा दंड दाबणारी आई तेव्हा उठली. "शिलं खाल्लं, बाय. आन ते पन भांडी घासून."

आज माझ्या मानेवर बऱ्या झालेल्या गाठींचे व्रण आहेत. मी ते पदरानं झाकत नाही. वाडीतलं पोर तापानं सुकायला लागलं की मी त्याला दवाखान्यात नेते आणि ते कुणाच्या घरी वावरतं ते विचारते. घर मास्तरांचं असो, सरपंचाचं असो, कंपनीतल्या साहेबाचं असो, मी नाव घेणार. दार लावलं तर दारात बसणार. रोग झाला त्याला मी कधी बोल लावणार नाही. पण तो लपवून पोरांच्या छातीवर ढकलणाऱ्याची गय करणार नाही.