बाद झालेला अंगठा

नागपूरच्या कॉलेजात मी दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली. तिच्यात मार्क बरे पडतात असं होस्टेलमधल्या एकानं सांगितलं होतं, एवढंच कारण. आंबागडच्या बाजूच्या आमच्या गावातून तोवर कॉलेजात कुणीच गेलं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला विचारायचीही सोय नव्हती. घरी मात्र मी ते जरा फुगवून सांगितलं. बाबा धानाच्या बांधीत भेटेल त्याला सांगायचे, "पोरगा फ्रान्सची बोली शिकून रायला."

सत्तरचं दशक सरत आलं होतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी मी गावी आलो, तेव्हा सरांनी दिलेली वही सोबत होती. निवडणुकीचे इंग्रजी शब्द आणि काही वाक्यं फ्रेंचमध्ये करून न्यायची होती. मतपेटी, मतपत्रिका, आडोसा, बाद मत. एक वाक्य मला आजही पाठ आहे: मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल अशी खूण असेल तर ते मत बाद ठरतं. त्या एका वाक्यावर मी दुपारभर खपलो. बाद मताला ते ‘ब्युलतँ न्यूल’ म्हणतात, हे दोनदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं.

आमच्या वॉर्डातून मासेमारी करणारे एक ढिवर काका उभे होते. तलावातल्या मासेमारीचा ठेका बाहेरच्या माणसाला देऊन टाकायचं पंचायतीत चाललं होतं. तो गेला असता तर तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, वीसेक ढिवर घरांची जाळी खुंटीलाच राहिली असती. पंचायतीत आपलं एक माणूस बसावं एवढंच त्यांना हवं होतं. बाबांनी त्यांना शब्द दिला होता. आमच्या जातीतल्या पुष्कळांनी दुसऱ्या उमेदवाराला दिला होता, म्हणून बाबांच्या शब्दाला किंमत होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी बाबा माझ्याजवळ येऊन बसले.

"काय गा, तो कागद कसा टाकाचा, एकदा सांग ना मले."

"इतक्यांदा टाकला ना तुम्ही."

"मांगच्या वेळी कोनाले शब्द नोता देला. अवंदा देला हाये. चुकाले नाही पायजे."

"चिन्हावर शिक्का मारायचा आणि घडी करायची. त्यात काय आहे," मी वहीतून मान वर न करता म्हणालो.

बाबा थोडा वेळ वहीकडे पाहत बसले आणि उठून गेले.

मोजणी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत होती. कॉलेजवाला म्हणून काकांनी मलाच त्यांचा प्रतिनिधी करून टेबलाशी बसवलं. खिडक्यांना माणसं लटकली होती, त्यांत बाबाही होते. दोन्हीकडची मतं एकेक करत बरोबरीला येत होती. शेवटी शेवटी मोजणीवरच्या साहेबांनी एक मतपत्रिका उचलून धरली. शिक्का काकांच्या चिन्हावर नीट उमटला होता आणि त्याच्या शेजारी निळा अंगठा होता.

"यावर काही म्हणायचं आहे?" साहेबांनी मला विचारलं.

मला म्हणता आलं असतं. मतपत्रिका देण्याआधी नोंदीच्या कागदावर अंगठा घेतात, त्याची शाई बोटाला राहते, ती लागली असेल, असं म्हणता आलं असतं. साहेब थांबलेही होते. पण तोंडाशी ते पाठ वाक्य आलं.

"मतदाराची ओळख पटत असेल तर मत बाद होतं, साहेब."

"वा. शिकलेले दिसता," साहेब म्हणाले. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण मला खरंच बरं वाटलं.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"साहेब, तो माया अंगठा हाये. पाहाचा असन त मिलवून पाहा."

बाबांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. कागदाच्या इतक्या ढिगात आपला शब्द काकांना ओळखता यावा, म्हणून त्यांनी अंगठा मारला होता. आमच्याकडे शेताची वाटणी असो की सोयरीक, अंगठ्याशिवाय शब्द पक्का धरत नाहीत.

साहेबांनी कागद बाजूला ठेवला. मतं सारखी झाली. चिठ्ठी काढली, ती दुसऱ्याची निघाली.

काका बाहेर येऊन बाबांजवळ उभे राहिले. "दादा, अंगठा कायले मारला जी?"

"तुमाले दिसाव म्हनून."

काका धोतराचा सोगा सावरत तलावाकडे निघून गेले. पुढच्या हंगामात ठेका बाहेरच्याला गेला आणि पाळीवरची काही माणसं तुमसरला हमालीला लागली.

घरी जाताना बाबांनी विचारलं, "अंगठ्यानं मत बाद होते, हे तुले आधी माईत होतं का गा?"

"नाही," मी म्हणालो. "तिथंच समजलं."

त्यांनी मान हलवली. नंतर पाळीवरच्या बायका मला ऐकू जाईल अशा बोलू लागल्या, "येवढा शिकला त बापाले येवढंबी नाही सांगतलं काहून?" तेव्हा बाबाच त्यांना समजावत, "त्याचं शिकनं फ्रान्सचं हाये बाई. आपल्या इकडचं त्याले कसं माईत राहीन? माईत असतं त पयले मलेच सांगतलं असतं त्यानं."

मी तिथेच उभा असायचो.