व्हर्लिनची गाठ

व्हर्लिन टकेट हा माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि आमच्या टेनेसीच्या डोंगराळ मुलखातला एक नंबरचा भांडखोर माणूस. नवरा गेल्यापासून हिवाळ्यातली मासेमारी मी त्याच्याच होडीतून करते. त्यामुळे त्याच्या शिव्यांतला मोठा वाटा माझ्याच पदरात पडतो.

त्याचं भांडण एकाच गोष्टीवरून, गाठीवरून. थंडीत आमच्या तलावातला बास मासा कड्यालगत मधल्या पाण्यात सुस्त पडून असतो. तळाशी गळ सोडून काही उपयोग नाही. त्याच्या डोळ्यांसमोर शिशाच्या डोक्याची, केसांची एवढीशी नकली माशी गळ म्हणून टांगून ठेवावी लागते, आणि वर दोऱ्याला तरंगता फ्लोट. माशीच्या वजनानं फ्लोट पाण्यात उभा राहतो. बासनं माशी तोंडात धरून वर उचलली की वजन जातं, फ्लोट आडवा पडतो, आणि मग गळाची काठी ओढायची. फ्लोट बुडायची वाट बघत बसणारे येडे हात हलवत घरी जातात. पण हे सगळं कधी, तर माशी पाण्यात सरळ आडवी राहिली तर. दोऱ्याची गाठ तिच्या डोक्यावरच्या कडीत जरा मागे सरकली की माशीचं नाक खाली जातं, आणि तसल्या माशीकडे बास ढुंकूनही बघत नाही.

धक्क्यावरच्या डॉयलच्या दुकानात व्हर्लिन सकाळी कॉफी घेऊन बसायचा आणि येईल त्याची काठी न विचारता हातात घ्यायचा. गाठ चुकलेली दिसली की सगळ्यांदेखत कात्रीनं दोरा कचकन कापायचा. "ही काय माशी आहे? प्रवचनात पेंगणारा म्हातारा आहे नुसता!" पाद्रीबाबांचाही दोरा त्यानं असाच कापला होता. मग शिव्या देत देत स्वतः नवीन गाठ बांधून द्यायचा.

गेल्या वर्षी त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, हे आता वाढतच जाणार.

नाताळात मी लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर नॉक्सव्हिलला गेले होते. परत आले तर व्हर्लिन दुकानात बसून लोकांना गाठी बांधून देतोय. बरं वाटलं. मग जवळ जाऊन बघितलं, तर माशी नाकावर पडलेली. समोर उभा असलेला रॉस्को म्हणाला, "झकास, व्हर्लिन!" आणि काठी घेऊन मागच्या दारानं गेला. मी त्याच्या मागोमाग गेले. पठ्ठ्या होड्यांच्या शेडमध्ये ती गाठ कापून स्वतःची बांधत होता.

"हे काय चाललंय?"

"हळू बोल ना, नेडा. बिचाऱ्याला कशाला दुखवायचं? आम्ही सगळेच करतो. त्याच्या स्वतःच्या माश्यासुद्धा डॉयल गुपचूप बदलून ठेवतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बिचारा? व्हर्लिन टकेट बिचारा? उभ्या आयुष्यात ज्यानं कुणाला खोटं 'छान' म्हटलं नाही, त्याला ही माणसं महिनाभर लहान पोरासारखं खेळवत होती, आणि वर स्वतःला दयाळू समजत होती. मी तशीच आत गेले.

"व्हर्लिन, तुझ्या गाठी चुकतायत. माशीचं नाक खाली जातंय. हे लोक मागे जाऊन कापतायत."

डॉयल माझ्याकडे खाऊ की गिळू असा बघायला लागला. रॉस्को सारवासारव करत म्हणाला, "अरे, तुझ्या हाताचा उलट फायदाच आहे. काठी आपोआप हलते, माशी कशी नाचते!"

व्हर्लिननं कॉफीचा कप भिंतीवर फोडला.

"तुझा दोरा मी कितीदा कापला, रॉस्को? का कापला? तू शिकशील असं वाटलं म्हणून. आणि माझी चूक एकानंही माझ्या तोंडावर सांगितली नाही. म्हणजे तुमच्या लेखी मी मेलोच की रे! मग फुलं तरी आणायचीत!"

तो निघून गेला, आणि त्यानंतर धक्क्यावर फिरकला नाही. थोड्याच दिवसांत त्याच्या घरासमोर 'होडी विकणे आहे' अशी पाटी लागली. होडी गेली की हा माणूस सोफ्यावर बसून वर्षभरात संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी पाटी उपटली आणि ती घेऊनच त्याच्या स्वयंपाकघरात शिरले.

"माझी पाटी का उपटलीस?"

"गप्प बस. बांध." मी माश्यांची डबी त्याच्यापुढे आदळली.

त्यानं बांधली. मी खिडकीशी धरून बघितली. "नाक खाली. परत." पुन्हा बांधली, पुन्हा खाली. त्याचा चेहरा लालबुंद झाला, मी मात्र हात पुढे केला नाही. मला त्या हातांचाच इतका संताप आला होता की ओरडावंसं वाटत होतं. शेवटी त्यानं माशी माझ्याकडे ढकलली.

"तू बांध."

"मला कुठे येतं? इतकी वर्षं तूच देत आलास."

"म्हणून तर तुला येत नाही. बांध म्हणतो ना!"

मी बांधली, ओढून घट्ट केली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली. त्यानं पुढे वाकून ती निरखली.

"शी! ही गाठ आहे का काय आहे? सोड. परत बांध, आणि या वेळी डोळे उघडे ठेव!"