सहा चेंडूंनंतरची रेघ

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी एकटी बेसबॉलची मॅच बघायला गेले. त्याआधी दोनदा नवऱ्याबरोबर गेले होते आणि दोन्ही वेळा पिशवीतून पुस्तक काढून वाचत बसले होते. ‘निदान मान तरी वर कर,’ असं तो म्हणाला होता. मी पान संपवून मग केली होती.

तो फेब्रुवारीत गेला. सकाळी ऑफिसला निघालेला असताना, स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते, पुस्तकाचं एकच पान चारदा वाचते, कचरा वेगवेगळा करून ठेवते आणि आज त्याचा वार नाही हे दाराशी गेल्यावर आठवतं. त्यात सोमवारपर्यंत मला एक उत्तर द्यायचं होतं. पुण्यात शिकलेल्या जपानीच्या जोरावर एका भाषांतर कंपनीने करारावर काम देऊ केलं होतं. हो म्हटलं, तर व्हिसा बदलून इथेच, टोकियोजवळच्या इचिकावात राहता येणार होतं. नाही म्हटलं, तर नवऱ्याच्या बँकेचं घर रिकामं करून लेकीसह पुण्याला परतायचं. सासूबाई रोज संध्याकाळी साडेसातला फोन करून जेवणाखाणाचं विचारायच्या आणि शेवटी म्हणायच्या, ‘या आता तुम्ही दोघी.’ चौदा वर्षांच्या लेकीला विचारलं, तर ती फोनमधून डोकं न काढता जपानीत म्हणाली, ‘दोच्ची देमो ई.’ काहीही चालेल. रागावता आलं नाही. मान वर न करणं ती माझ्याकडूनच शिकली असणार.

नवरा क्रिकेटवेडा. बेसबॉलकडे वळला तो एका डावखुऱ्या रिलीफ पिचरमुळे. चेंडू टाकणारा सुरुवातीचा पिचर दमला किंवा अडचणीत आला, की मधेच ज्याला बोलावतात, तो रिलीफ पिचर. हा एका कारखान्याच्या संघातून आलेला. क्लबने त्याला शिकाऊ म्हणून घेतलं. शिकाऊंच्या पाठीवर तीन आकडी नंबर असतो आणि तो असेपर्यंत मुख्य संघातून खेळता येत नाही. चार वर्षं तो क्लबच्या दुय्यम संघाच्या छोट्या मैदानावर तीन आकडी राहिला. मग दोन आकडी झाला. त्या दिवशी नवऱ्याने इथलं दही टांगून श्रीखंड केलं होतं. पुढचे तीन हंगाम तो पिचर टीव्हीवर दिसायचा, बहुतेकदा एकाच डावखुऱ्या बॅटरपुरता येऊन परत जाताना. नंतर कोपराचं ऑपरेशन झालं आणि पाठीवर पुन्हा तीन आकडे आले. नवरा पुन्हा छोट्या मैदानावर जायला लागला.

तिथे तो एक वही भरायचा. रिलीफ पिचरला बोलावण्याआधी हात गरम करावा लागतो. जपानीत त्याला ‘खांदा तयार करणे’ म्हणतात. तयार खांद्याने तो कधी मैदानात जातो, कधी नुसताच खाली बसतो. ते चेंडू कुठल्याही आकडेवारीत धरत नाहीत. छोट्या मैदानावर सरावाची जागा सीमारेषेच्या बाहेर उघड्यावर आहे, म्हणून नवरा तिथल्या जाळीजवळ बसून फक्त तेवढेच चेंडू मोजायचा. आणि जुन्या सवयीने सहा चेंडू झाले की रेघ मारायचा. बेसबॉलमध्ये सहाला काही अर्थ नाही, हे त्याला माहीत होतं. हात ऐकत नाही, म्हणायचा.

ती वही घेऊन मी निघाले. गाडीत मनाशी ठरवलं, आज तो पिचर मैदानात उतरला तर राहायचं, नाही उतरला तर जायचं. असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आले आहे. पण दुसऱ्या कुणीतरी ठरवावं असं फार वाटत होतं.

मैदानावर तीनदा जागा बदलून शेवटी जाळीजवळ आले. तिथे टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी आधी वही ओळखली, मग मला.

“दान्ना-सान नाही आले?” त्यांनी विचारलं. तुमचे मालक, असं.

मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मी त्यांच्यावर चिडलो होतो,” ते म्हणाले. “वाटलं, निरोप न घेताच भारतात गेले. इथे सगळ्यांना तसं सांगितलंसुद्धा. माफ करा.”

नंतर त्यांनी दबकत विचारलं, की त्या सहा-सहाच्या रेघा कशासाठी असायच्या? कुठल्या पूजेचं आहे का? मी षटक समजावून सांगितलं. सहा चेंडू झाले की गोलंदाज बदलतो, हे ऐकून ते म्हणाले, “पिचर चांगला टाकत असला तरी?” हो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. आमच्या देशात काहीतरी चुकतंय, असा त्यांचा चेहरा होता.

सहाव्या डावात सरावाच्या जागेतला, प्रशिक्षकांकडून येणारा फोन वाजला आणि तो डावखुरा पिचर उठला. टीव्हीवर दिसायचा त्याहून बारीक वाटला. एकोणीस चेंडू टाकले, ते मी वहीत मांडले, आणि तो जॅकेट घालून खाली बसला. आठव्यात पुन्हा फोन. चौदा. मैदानात दुसऱ्याच कुणाला पाठवलं. आजोबांनी हलकेच सांगितलं, की हंगाम संपल्यावर क्लब ज्यांना काढणार असतो त्यांना सूट घालून ऑफिसात बोलावतात, आणि याला बहुधा पुढच्याच आठवड्यात बोलावतील.

“त्याला माहीत असेल?”

“तिसाव्या वर्षी पाठीवर तीन आकडे. माहीत असणारच.”

“मग एवढ्या जोरात कशाला टाकतोय?”

आजोबांना माझा प्रश्न कळला नसावा. “फोन वाजला ना,” ते म्हणाले.

नवव्या, शेवटच्या डावात तो तिसऱ्यांदा उठला. आमचा संघ एका धावेने पुढे होता, दोन बॅटर बाद व्हायचे होते. मी उभी राहिले. अकरावा चेंडू पकडणाऱ्याच्या हातमोज्यात वाजला, तेवढ्यात मैदानातला शेवटचा बॅटरही बाद झाला आणि सामना संपला. त्याने टोपी काढून पकडणाऱ्याला वाकून नमस्कार केला. मग बुटाने माती सारखी केली, सावकाश, स्वतः पाडलेला खड्डा बुजेपर्यंत.

चव्वेचाळीस चेंडू. सात षटकं आणि दोन. या वहीबाहेर ते कुठेच लिहिले जाणार नव्हते. माझ्या ठरवण्याप्रमाणे निकाल लागला होता आणि पुण्याला जायचं होतं. गाडीत मी सामान बांधण्याची यादी मनात करायला घेतली. कपाटापर्यंतही पोचले नाही. तो अकरावा चेंडूच डोळ्यांपुढे येत राहिला. अर्धं लक्ष ठेवून टाकलेला नव्हता तो.

घरी लेक दारातच आली. “देता?” तिने जपानीत विचारलं. उतरला?

“नाही. पण तीनदा उठला.”

तिने वही हातातून घेतली आणि उभ्यानेच वाचली. मग पेन्सिल आणून एक रेघ खोडली आणि एक चेंडू अलीकडे मारली. “बाबा सहावर मारायचे,” ती मराठीत म्हणाली. “तू इथे सातवर मारलीस.”

“सोमवारी मी त्या कंपनीला हो म्हणणार आहे,” मी म्हटलं. “काहीही चालेल असं नको सांगूस.”

ती वहीकडेच बघत होती. “मग माझ्या शाळेचा फॉर्म भरावा लागेल,” ती म्हणाली. “शुक्रवारची मुदत होती. मी बाईंकडून वाढवून घेतलीय.”

साडेसातला फोन वाजला. मी उठले.

“आई, आम्ही इथेच राहतोय,” मी म्हणाले. “तिची शाळा होईपर्यंत तरी.”

पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. मग सासूबाईंनी विचारलं, तिकडे थंडी सुरू झाली का, आणि त्याचा तो निळा स्वेटर कुठे आहे. लेकीला आता बसत असेल, म्हणाल्या.